खट्

विल्यांदीच्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेच्या टोकाला
माझी खुर्ची ठरलेली. रंगीत तालमीच्या रात्री
मांडीवर कॅमेरा, खिशात राईच्या पावाचा तुकडा,
तोही उघडाच, कारण कागद वाजतो.

यंदा नवा कॅमेरा आला, आरसा नसलेला.
मारिका, माझी मदतनीस, दोन तळहातांवर दोघांना तोलते
आणि म्हणते : ही वीट. हा बिस्किटाचा पुडा.

मी लेन्स काढून तिला विटेचं पोट दाखवतो.
काड्यापेटीएवढा तिरका आरसा,
कडेला सतरा हिवाळ्यांची धूळ.
लेइदाच्या गालावरून निघालेला उजेड
यावर आपटतो, वर चढतो
आणि तोच, तस्साच, माझ्या डोळ्यात उतरतो.
मधे वीज नाही.
बटण दाबलं की आरसा पापणीसारखा उचलतो.
खट्.
तेवढा वेळ आत काळोख.

"म्हणजे फोटो निघतो, तेव्हा तुम्हाला दिसतच नाही?"

नाही.
सतरा वर्षांत मी जे जे ठेवलं
ते मी पाहिलेलं नाही.
पाहिलं ते त्याच्या अलीकडचं, पलीकडचं.
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

नव्याची गोष्ट वेगळी. तो पापणी लववतच नाही.
अंधारात नटाचा डोळा हुडकतो,
त्याला हिरवी चौकट घालतो, सोडत नाही.
जुन्याच्या फोटोत सावल्यांमध्ये रवा सांडलेला असायचा,
याच्या सावल्या लोण्यासारख्या.
बॅटरी मात्र दुसऱ्या अंकात मान टाकते,
आणि प्रकाशयोजनाकाराने मुद्दाम लपवलेला कोपरा
हा भिंगात उजळून दाखवतो,
चहाडी केल्यासारखा.
हातच्या काकणाला आरसा कशाला, खरं आहे.
पण काकण इथे बारा मीटरवर आहे, काळोखात,
एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या मनगटात.

त्या रात्री लेइदा टेबलावरचा कपडा घडी करत होती.
नवरा गेल्यानंतरचा प्रसंग. संवाद नाही.
एक घडी, दोन, तीन. मग थांबायचं, उठायचं.
ती थांबली. उठली नाही.
चौथी घडी. पाचवी.
कपडा पाकिटाएवढा झाला.
दिग्दर्शक खोकला. पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीने मान वर केली.
मी फोटो काढत होतो, भराभर, निःशब्द.

नंतर ती शाल ओढत तिसऱ्या रांगेपाशी आली.
"आज आला नव्हतास?"
"होतो की. चारशे चाळीस फोटो."
"ऐकू नाही आलास."
मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, जरा रागावूनच :
"मला इथून तुमचं कुणाचं तोंड दिसत नाही.
तुझं खट् झालं की कळायचं, जमलं.
लवकर झालं तर कळायचं, मी जास्त करतेय.
आज मी घड्या घालतच बसले."

मारिकाने लगेच यादी उघडून दाखवली :
यात आवाजही आहे, हवा तर लावता येतो.
लावला.
लेइदाने तो खोटं नाणं वाजवून पाहावं तसा ऐकला.
"हा कुणाचा?" म्हणाली, आणि कपडे बदलायला गेली.

दुसऱ्या रात्री नवा मारिकाकडे.
माझ्या मांडीवर वीट. आत कार्ड नव्हतं,
घालायचं राहिलं असं मी सांगितलं.
एक घडी. दोन. तीन.
ती थांबली.
मी थोडा उशीरच केला, मुद्दाम नाही, बोटं गारठली होती.
खट्.

मारिकाचा फोटो आता दाराशी लावलाय, लोक बूट झटकताना बघतात.
लेइदा उठते आहे, कपडा छातीशी,
आणि मान किंचित, अगदी किंचित,
तिसऱ्या रांगेकडे.

मी ते पाहिलं नाही.
तेव्हा माझ्याकडे काळोख होता.